जर्मनीत ई-सायकल घेताय? आधी फ्रेमवरचा स्टिकर वाचा

सातारहून जर्मनीत श्टुटगार्टला येऊन मला आता सहावं वर्ष चालू आहे आणि त्यातली चार वर्षं मी रोज ई-सायकलनं ऑफिसला जातेय, त्यामुळे इकडं नवीन आलेली आपली माणसं हमखास मला विचारतात की ताई ई-सायकल घ्यायचीये, पासिंग करावं लागतं का, लायसन्स लागतं का, नंबरप्लेट लागते का, आणि प्रत्येक वेळी मी तेच सगळं फोनवर तासभर सांगत बसते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. हे सगळं जर्मनीपुरतं आहे बरं का, शेजारच्या देशांत नियम थोडे थोडे बदलतात, त्यातलं जे कामाचं आहे ते मधे सांगतेच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे २५० वॉटपेक्षा कमी पॉवरची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची गाडी असली की पासिंग नको, लायसन्स नको, म्हणून क्लासला जाणारी पोरं पोरी त्या छोट्या स्कूटर घेऊन बिनधास्त फिरतात, नुसता ॲक्सिलरेटर पिळला की गाडी पळते. इकडं आकडे ऐकायला तेच आहेत, २५० वॉट आणि २५ किलोमीटर, आणि तिथंच आपली माणसं फसतात. कारण इकडच्या नियमात अजून एक अट आहे, पाय मारल्याशिवाय मोटर चालता कामा नये. तुम्ही पेडल मारताय तोवरच मोटर मदत करणार, पाय थांबला की मोटर थांबली, आणि २५ चा वेग झाला की मदत आपोआप बंद. पायाच्या जोरावर किंवा उतारावर तुम्ही ३५ नं गेलात तरी हरकत नाही, मोटरनं मात्र २५ च्या पुढं ढकलायचं नाही. अशा सायकलला इकडं पेडेलेक म्हणतात. दुकानात, बोलण्यात सगळे 'ई-बाईक'च म्हणतात पण कायद्याच्या कागदात ती पेडेलेक, आणि पेडेलेक म्हणजे कायद्यानं साधी सायकल. पासिंग नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, हेल्मेटची सक्ती नाही, वेगळा विमा काढायची सक्ती नाही. सायकलच्या रस्त्यावरून जायचं, सायकलचेच नियम पाळायचे. एवढंच. (एक बटण असतं, ते दाबलं की सायकल हातानं ढकलत नेताना ताशी ६ किलोमीटरपर्यंत मोटर मदत करते, ते चालतं. तळघरातून रॅम्पवरनं २५ किलोची सायकल वर काढताना ते बटण म्हणजे देवासारखं धावून येतं.)

मग दुसरा प्रकार, एस-पेडेलेक. दिसायला अगदी तशीच, कधीकधी त्याच कंपनीची त्याच रंगाची, पण हिची मदत ताशी ४५ पर्यंत चालू राहते. आणि ही कायद्यानं सायकल नाहीच, ही मोपेडच्या वर्गातली मोटारगाडी आहे. म्हणजे हिला विम्याची नंबरप्लेट लागते, एएम म्हणजे मोपेडच्या वर्गाचं लायसन्स लागतं, हेल्मेट लागतंच, डाव्या बाजूला आरसा लागतो, आणि सायकल ट्रॅकवरून नेता येत नाही, गाड्यांच्या रस्त्यावरूनच जायचं. ट्यूबिंगेनसारख्या एखाद्या गावात पाटी लावून काही सायकल ट्रॅक एस-पेडेलेकला मोकळे केलेत पण जिथं पाटी आहे तिथंच, बाकी नाही. मागं मुलांची ट्रेलर गाडी जोडायची तीही हिला चालत नाही. दारूची मर्यादासुद्धा गाडीवाल्यांचीच, ०.५ प्रोमिल, म्हणजे रक्ताच्या हजार भागांत अर्धा भाग दारू.

तर दुकानात किंवा कोणाच्या दारात सायकल बघायला गेलात की पैशाचं बोलायच्या आधी खाली वाका आणि फ्रेमवरचा स्टिकर शोधा. बहुतेक वेळा पेडलच्या एक्सलजवळ किंवा सीटखालच्या नळीवर असतो. पेडेलेक असेल तर त्यावर ईएन १५१९४ हा युरोपियन स्टँडर्डचा नंबर, सीईची खूण, २५ किलोमीटर, आणि २५० वॉट किंवा ०.२५ किलोवॉट असं लिहिलेलं असतं. एस-पेडेलेक असेल तर एल१ई असा वर्ग लिहिलेला सापडेल. आणि स्टिकरच नसेल, किंवा ५०० वॉट, ७५० वॉट, १००० वॉट असं काही असेल, किंवा हँडलवर पिळायचा थ्रॉटल असेल जो पेडल न मारता गाडी पळवतो, तर ती सायकल तिथंच सोडा. ऑनलाईन अशा जाड टायरच्या खूप मिळतात, स्वस्त असतात, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त खासगी जागेत चालवायची. इकडं खासगी जागा म्हणजे कुंपणाच्या आतलं अंगण, सोसायटीचा रस्तासुद्धा त्यात येत नाही.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, मास्टर्सला आलेला, त्यानं अशीच एक घेतली होती. विकणाऱ्यानं सांगितलं की २५० वॉटचीच आहे, ॲपमधून स्पीड खोलता येतो. नेकर नदीच्या कडेनं जाताना पोलिसांचं चेकिंग होतं, त्यांनी मागचं चाक उचलून थ्रॉटल पिळून बघितला, बस. दंड भरून सुटायचं प्रकरण नाही हे. विमा नसलेली मोटारगाडी रस्त्यावर चालवली हा एक गुन्हा आणि लायसन्स नसताना चालवली हा दुसरा, दोन्ही फौजदारी. बिचारा सहा महिने पत्रव्यवहार करत होता, व्हिसा वाढवायच्या वेळी हे पुढं येईल का या काळजीनं त्याची झोप उडाली होती. म्हणून कळकळीनं सांगते, पेडेलेकला चिप लावून किंवा ॲपनं स्पीड वाढवायच्या नादाला लागू नका, ज्या क्षणी ती २५ च्या पुढं मोटरनं जायला लागते त्या क्षणी ती सायकल राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि समोरच्या माणसाच्या दवाखान्याचा खर्च आयुष्यभर तुमच्या डोक्यावर.

लायसन्सचं पण इथंच सांगून टाकते. जर्मन कारचं लायसन्स म्हणजे बी वर्ग असेल तर त्यात एएम येतोच, वेगळं काही करावं लागत नाही. पण आपलं भारतातलं लायसन्स इकडं राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतं, त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स काढावं लागतं, नुसतं बदलून मिळत नाही. म्हणजे सातव्या महिन्यात भारतीय लायसन्सवर एस-पेडेलेक चालवणारा माणूस कायद्यानं विनालायसन्स आहे. खूप जणांना हे माहीतच नसतं.

आणि एस-पेडेलेक खरंच घ्यायचीच असेल, समजा ऑफिस २० किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता मोकळा आहे, तर तिचं 'पासिंग' आपल्यासारखं आरटीओत जाऊन होत नाही. गाडी ऑफिसच्या रांगेत उभं राहायचं नाही, नंबरप्लेट थेट विमा कंपनीकडून मिळते. कंपनीनं गाडीबरोबर दिलेला मंजुरीचा कागद असतो, त्यावरचा चासी नंबर विमा कंपनीला द्यायचा, ऑनलाईन पण होतं, आठवड्याभरात छोटी प्लेट पोस्टानं घरी. ही प्लेट दरवर्षी १ मार्चला सुरू होते आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते, तुम्ही ऑक्टोबरमध्ये घेतली तरी फेब्रुवारीतच संपणार, फक्त पैसे उरलेल्या महिन्यांचेच लागतात. आणि दरवर्षी अक्षरांचा रंग बदलतो, काळा, निळा, हिरवा असा फेरा चालतो. २०२५ च्या मार्चपासून हिरवी होती, २०२६ च्या मार्चपासून काळी. म्हणजे १ मार्चनंतर जुन्या रंगाची प्लेट घेऊन निघालात की पोलिसाला लांबूनच कळतं. फेब्रुवारीत मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवा. मंजुरीचा कागद सेकंड हँड घेताना आधी मागायचा, तो नसेल तर प्लेट मिळणं अवघड, आणि टायर, ब्रेक, चिमटा असले भागसुद्धा मनाला येईल ते लावता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर शहरात राहणाऱ्यानं एस-पेडेलेकच्या भानगडीत पडू नये. ट्रॅकवरून जाता येत नाही, गाड्यांमध्ये ४५ नं चालवताना मागचे हॉर्न देतात, पोरांची ट्रेलर लागत नाही, ट्रेनमध्ये घ्यायला अडचण. साधी २५ ची पेडेलेक सिग्नल धरून दारापासून दारापर्यंत जवळपास तेवढ्याच वेळात पोचवते.

आता विमा. पेडेलेकला सक्ती नाही हे खरं पण इकडं प्रत्येकाकडं खासगी हाफ्टफ्लिश्ट असायलाच पाहिजे, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा. पेडेलेक सायकलच असल्यानं त्यात ती धरलेली असते, तरी जुनी पॉलिसी असेल तर एकदा ईमेल करून लेखी विचारून घ्या. चोरीचा विमा वेगळा. घरातल्या सामानाचा जो हाउसराट विमा असतो त्यात सायकलचोरीची जोड घेता येते, पण ती घेताना वाचा की सायकलची किती रकमेपर्यंत भरपाई आहे, रात्री बाहेर ठेवलेली चालते का, आणि कसलं कुलूप पाहिजे. तीन हजार युरोची सायकल आणि भरपाई पाचशेची, असं झालेलं मी बघितलंय.

चोरी इकडं खूप होते, हे आपल्या लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं जर्मनी म्हणजे रस्त्यावर सोनं ठेवलं तरी कोण नेणार नाही. आमच्याच बिल्डिंगच्या तळघरातून, दोन दरवाजांच्या आतून, एक सायकल गेली कारण ती स्वतःलाच कुलूप लावून उभी होती, भिंतीच्या हुकाला नव्हती. फ्रेम कशाला तरी बांधलेली पाहिजे, नुसतं चाक नाही. मी दोन कुलपं लावते, एक जाड घडीचं फ्रेमला आणि एक साखळी पुढच्या चाकातून. बॅटरी काढून वर घरी नेते. डिस्प्ले निघणारा असेल तर तोपण. आणि घेतल्या दिवशीच तीन कामं करा, फ्रेम नंबरचा फोटो, बिलाचा फोटो, आणि बॅटरीच्या चावीबरोबर जे छोटं कार्ड येतं त्यावरच्या नंबरचा फोटो. फ्रेम नंबर नसेल तर पोलीस तक्रार घेतात पण सापडली तरी तुमची हे सिद्ध कसं करणार. एडीएफसी म्हणून सायकलवाल्यांची मोठी संघटना आहे, १९७९ पासूनची, त्यांच्या बऱ्याच शाखांमध्ये फ्रेमवर कोड कोरून मिळतो, त्यात गाव, रस्ता, घर नंबर आणि नावाची आद्याक्षरं असतात. नोंदणी म्हणाल तर पेडेलेकची एवढीच नोंदणी, तीपण ऐच्छिक, पण मी करून घेतलीय आणि तुम्हीपण घ्या.

सेकंड हँड घेताना मूळ बिल मागा. चोरीची सायकल तुम्ही प्रामाणिकपणे पैसे देऊन घेतली तरी जर्मन कायद्यानं ती तुमची होत नाही, मूळ मालक आला की परत द्यावी लागते आणि पैसे विकणाऱ्याकडून वसूल करत फिरायचं. बिल नाही, बॅटरीची दुसरी चावी नाही, चार्जर नाही, आणि भेटायला स्टेशनच्या पार्किंगमध्ये बोलावतोय, तर जाऊच नका. दोन ओळींचा का होईना करार लिहा, दोघांची नावं, ओळखपत्राचा नंबर, फ्रेम नंबर, तारीख, किंमत. आणि बॅटरी किती वर्षांची ते बघा, सायकलच्या दुकानात बॅटरी तपासून किती क्षमता उरलीय त्याचा कागद काढून देतात, थोडे पैसे लागतात पण नवीन बॅटरी कित्येकशे युरोला पडते त्यापुढं ते काहीच नाही.

नोकरीवाल्यांना अजून एक रस्ता आहे, कंपनीकडून लीजवर सायकल. दर महिन्याला पगारातून टॅक्सच्या आधी हप्ता कापतात आणि खासगी वापरासाठी सायकलच्या छापील किमतीचा चौथा हिस्सा धरून त्याच्या १ टक्का एवढीच रक्कम महिन्याचं उत्पन्न धरली जाते, म्हणून स्वस्त पडतं. पण करार साधारण ३६ महिन्यांचा असतो, आणि मधेच नोकरी सोडली किंवा भारतात परत जायचं ठरलं तर काय होणार ते सही करायच्या आधी एचआरला विचारा. आपल्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे लांबचा पल्ला आहे.

बरं, सायकल आली दारात. आता चालवायचं.

पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा, आणि त्याचं कारण रस्ता नसून आपले हात आणि पाय आहेत. आपल्याकडे सायकलचा आणि बाईकचाही पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इकडं बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला. मागचा ब्रेक समजून डावा हात जोरात दाबलात तर हायड्रॉलिक डिस्क पुढचं चाक जागच्या जागी थांबवते आणि तुम्ही हँडलवरून पुढं. आणि शहरातल्या काही सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सिग्नलला उभं राहताना पेडल उलटं फिरवून पाय वर आणायची लहानपणापासूनची सवय, मी पहिल्याच आठवड्यात चौकात तसं केलं आणि चाक लॉक होऊन सायकल आडवी झाली, कोपर चांगलंच सोललं. मागून गाडी नव्हती म्हणून. तेव्हा दुकानातच विचारा पायाचा ब्रेक आहे का, आणि रविवारी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये (इकडं रविवारी दुकानं बंदच असतात) अर्धा तास नुसतं थांबायची प्रॅक्टिस करा. मोटर जोर देते ती सवयपण तिथंच करा, सगळ्यात कमी मोडवर, कारण चढावर पेडलवर पाय ठेवून उभं राहिलात आणि मोड जास्त असला तर सायकल एकदम पुढं उसळते.

दुसरं म्हणजे रस्त्याची बाजू. इकडं उजवीकडून चालायचं. सरळ रस्त्यावर जमतं, घोळ होतो वळल्यावर, विशेषतः डावीकडं वळून रिकाम्या रस्त्याला लागताना, मन आपोआप डाव्या बाजूला ओढतं. डावीकडं वळायला मी अजूनही मोठ्या चौकात सोपा मार्ग घेते, सरळ चौक ओलांडायचा, पलीकडं थांबायचं, सायकल वळवून त्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर परत ओलांडायचं. नियमात बसतं आणि जिवाला घोर नाही. आणि वस्तीतल्या छोट्या रस्त्यांवर जिथं कसलीच पाटी नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रस्ता कितीही लहान असला तरी. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरच्याचा हक्क असं डोक्यात असतं, ते इकडं लागू नाही.

निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर तो ट्रॅक वापरायलाच लागतो, रस्त्यावरून जाता येत नाही. पाटी नसलेला ट्रॅक असेल तर तुमची मर्जी. ट्रॅकवर उलट्या दिशेनं जायचं नाही, २० युरो दंड आणि त्याहून वाईट म्हणजे गल्लीतून बाहेर पडणारा गाडीवाला त्या बाजूला बघतच नाही. फूटपाथवरून चालवली तर ५५ युरो. मोबाईल हातात धरून चालवली तर ५५. लाल दिवा तोडला तर ६० आणि वर एक पॉइंट, हो, सायकलवाल्यालापण फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (वाहतुकीचे गुन्हे लिहून ठेवणारं सरकारी रजिस्टर) पॉइंट लागतो, लायसन्स नसलं तरी. दारू पिऊन सायकल चालवायची नाहीच, १.६ प्रोमिलला थेट गुन्हा आणि काही गडबड केली किंवा अपघात झाला तर ०.३ लासुद्धा. झेब्रा क्रॉसिंगवरून सायकलवर बसून गेलात तर तुम्हाला अग्रहक्क नाही, उतरून ढकलत न्यायची. सायकलचा वेगळा दिवा नसेल तर गाड्यांचा दिवा बघायचा, माणसं चालायचा दिवा आपला नाही.

चांगली बाजूपण सांगते. गाडीवाल्यानं तुम्हाला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवलंच पाहिजे असं २०२० पासून कायद्यात लिहिलंय. आणि 'फारराडश्ट्रासं' लिहिलेली पाटी दिसली म्हणजे तो रस्ता सायकलींचा, गाड्या आल्याच तर ३० च्या आत आणि तुमच्या मागून, दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत गेल्या तरी कोणी काही म्हणू शकत नाही.

सगळ्यात भीती मला दोनच गोष्टींची वाटते. एक उजवीकडं वळणारा ट्रक, त्याला तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला अजिबात दिसत नाही, सिग्नलला ट्रकच्या शेजारी कधीच उभं राहू नका, मागं थांबा, दहा सेकंद गेले तर गेले. आणि दुसरे रूळ. श्टाटबान म्हणजे शहरातली रुळावरची गाडी, तिचे किंवा ट्रामचे रूळ ओलांडताना सायकल काटकोनात घ्या, तिरकी घेतली की चाक खाचेत जातं, ओले असले की निसटतंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ओल्या पानांचा थर असतो तोपण तसाच. बर्फ पडला की मी दोन-तीन दिवस ट्रेननंच जाते, ज्यांना जायचंच आहे त्यांना खिळ्यांचे टायर मिळतात, गाड्यांना इकडं ते चालत नाहीत पण सायकलला चालतात.

मुलं मागं बसवायची तर सात वर्षं पूर्ण होईपर्यंत, योग्य खुर्चीत, आणि चालवणारा १६ च्या वरचा. ट्रेलरमध्येपण सात वर्षांखालचीच, दोन बसतात. आठ वर्षांखालची मुलं स्वतःची सायकल फूटपाथवरून चालवतात आणि त्यांच्याबरोबर एका मोठ्या माणसाला फूटपाथवरून जायची परवानगी आहे, बाकी मोठ्या माणसांना नाही. हेल्मेटची सक्ती नाही म्हणून घालायचं नाही असं कृपा करून करू नका. साध्या सायकलला १५ चा वेग यायला दम लागतो, ही तुम्हाला चढावरसुद्धा २० नं नेते.

चढाचं निघालं म्हणून सांगते, श्टुटगार्ट हे वाटीसारखं गाव आहे, मधे खाली शहर आणि चारी बाजूंनी टेकड्या, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मला ते बघून पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. इकडं मोटर घेताना पेडलजवळ मधे बसवलेली घ्या, चाकातली घेऊ नका, मधली मोटर गिअर बदलल्यावर चढाला नीट साथ देते. सपाट गावात राहणाऱ्याला चाकातली चालेल आणि पैसेपण वाचतील. आणि मारियेनप्लाट्सपासून देगरलोखला वर जाणारी दातेरी रुळाची छोटी ट्रेन आहे, तिच्या पुढं सायकली ठेवायचा उघडा डबा असतो, बॅटरी संपली त्या दिवशी तीच वाचवते.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-अवर म्हणजे साधारण ५०० वॉट-अवर, म्हणजे आपल्या भाषेत अर्धा युनिट वीज. पूर्ण चार्जिंगला साधारण २० सेंट. कंपनी सांगते १०० किलोमीटर पण ते सपाट रस्ता, उन्हाळा आणि सगळ्यात कमी मोड धरून, टेकड्यांच्या गावात निम्मं धरून चाला आणि थंडीत त्याहून कमी. थंडीत बॅटरी घरात ठेवा, निघताना लावा. बाहेरून शून्याखालच्या थंडीतून आणली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर खोलीत राहू द्या, गार बॅटरी चार्ज केली की आतून कायमची खराब होते. महिनाभर भारतात जाणार असाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवून जा. चार्जर मूळ कंपनीचाच, आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंगला लावू नका, त्यातून बॅटरी पडलेली किंवा फुगलेली असेल तर अजिबातच नाही, दुकानात परत द्या, जुनी बॅटरी दुकानदाराला घ्यावीच लागते. कचऱ्यात टाकायची नाही.

ट्रेननं न्यायची तर लोकल ट्रेनमध्ये जागा असेल तर घेतात पण डॉइचलांड-टिकेटमध्ये (देशभरच्या लोकल प्रवासाचा महिन्याचा पास) सायकल येत नाही, तिचं वेगळं तिकीट, आणि गर्दीच्या वेळेचे नियम प्रत्येक भागात वेगळे. आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान ट्रेनला सायकलचं तिकीट आणि जागेचं रिझर्वेशन दोन्ही लागतं, उन्हाळ्यात लवकर संपतं. २५ किलोची सायकल डब्यात चढवायला लागते हे लक्षात ठेवा, आधी बॅटरी काढून बॅगेत घातली की तीन-चार किलो कमी होतात. बोडेनझे तलावाकडं सुट्टीत गेलात आणि कॉन्स्टान्झहून सहज पलीकडं स्वित्झर्लंडमध्ये शिरलात तर तिकडं १ एप्रिल २०२२ पासून ई-सायकलला दिवसापण लाईट चालू ठेवावी लागते, नाहीतर २० फ्रँक, आणि १४ ते १६ वयाच्या मुलांना साध्या ई-सायकललासुद्धा छोटं लायसन्स लागतं, १४ च्या खाली चालवताच येत नाही. जर्मनीत पेडेलेकला तशी वयाची अट नाही, म्हणून पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी बघून जा.

आणि शेवटचा प्रश्न, जो परत जाणारे सगळे विचारतात, सायकल भारतात नेता येईल का. विमानात प्रवाशाबरोबर १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चेक-इनमध्येपण नाही आणि हातातपण नाही, आणि आपली बॅटरी ५०० ची. बॅटरीशिवाय नुसती सायकल नेली तर तिकडं त्याच कंपनीची बॅटरी मिळवायची मारामार. म्हणून विकूनच जा, आणि विकायला मार्च-एप्रिल काढा, डिसेंबरमध्ये निम्मे पैसेपण येत नाहीत. मूळ बिल, दोन्ही चाव्या, चार्जर, सर्व्हिसचे कागद एका पिशवीत घालून द्या, फ्रेमवर कोड कोरलेला असेल तर मालक बदलल्याचा कागद लिहून द्या, म्हणजे नवीन माणसाला रस्त्यात कोणी अडवलं तर त्याला त्रास नको. आणि एस-पेडेलेक असेल तर प्लेट काढून घ्यायची, विमा कंपनीला कळवायचं, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का ते विचारायचं.

ज्यांना सेकंड हँड सायकल बघायला जाताना सोबत पाहिजे असेल त्यांनी शनिवारी सकाळी सांगा, मी येते.